टोपीवर हेल्मेट बसत नाय

१२ एप्रिल २०१६

या म्हाताऱ्याला माझ्या जिवाची काडीची पर्वा नाय. सकाळी पाण्याला गेलं ते ऊन डोक्यावर आल्यावर उगवलं. सायकलला दोन्हीकडून कॅन, मागं टँकर, पुढं डंपर, अन् मधी आमचं सत्तरीचं ध्यान. नव्या कॉलनीत घर झालं, नळ काय आला नाय. बोअर आटली. आता बायपास ओलांडून पाणी आणायचं.

कुठं होता म्हणलं तर म्हणे, "कचरूला दवाखान्यात नेलं."

शेजारचा कचरू. तोबी पाण्यालाच गेलेला. टँकर खेटून गेला, कॅन हेलकावले, सायकलसकट आडवा. हातपाय धड आहेत. डोकं दुभाजकावर आपटलं. अजून डोळा उघडला नाय.

ताट तसंच झाकून ठेवलं.

१३ एप्रिल

कचरू तसाच.

१५ एप्रिल

नातीनं, प्रेरणानं, शहागंजातून सायकलीचं हेल्मेट आणलं. हलकं, वर भोकं. म्हातारं म्हणे, "ही चाळण कशाला? पीठ चाळू व्हय?"

"चाळा. डोक्यावर ठेवून चाळा."

घातलं — पण टोपीवरून! वर नुसतं टेकलेलं, पट्टा हनुवटीला पोचेना. प्रेरणा म्हणली, "आबा, टोपी काढा." म्हातारं तापलं. "बाप गेला तेव्हा काढली होती. आता कोण मेलंय?"

खरंय. आमच्यात बोडक्या डोक्यानं माणूस दिसला की लोक सुतकच धरतात. मीबी टोपी काढा म्हणले नाय. नको तो अपशकुन.

१८ एप्रिल

पडलं.

डंपरला वाट देताना खडीवर चाक घसरलं. कोपर सोललं, कपाळाला टेंगूळ. हेल्मेट उडून नालीत. टोपी मात्र जाग्यावर!

मलमपट्टीवाली पोरगी म्हणली, "आजी, टोपीवर घातलं तर ते उडणारच. उघड्या डोक्यावर घट्ट बसाया पाहिजे."

अक्षर वाकडं येतंय. त्या दिवशी अपशकुनाला भ्याले. आता डांबराला भेते.

१९ एप्रिल

पाण्याला निघालं तशी दारात आडवी आले. गल्लीदेखत डोक्यावरची टोपी काढली. लग्नापासून कधी हात लावला नव्हता. म्हातारं थिजलं. डोकं पांढरंफटक, लेकराच्या टाळूवानी. हेल्मेट बसवलं, पट्टा ओढला.

"मनकर्णे, गळा आवळतीस का?"

"आवळते. जा आता."

समोरची कडूबाई ओट्यावरून म्हणली, "जित्या नवऱ्याची टोपी काढली, बाई?" एरवी तिला सोडली नसती. आज नजर सायकलीवरून हटली नाय.

परत येईस्तोवर उंबऱ्यात बसले. हॉर्न वाजला की उठून रस्ता बघायचा.

आलं. हेल्मेट काढलं अन् पयली टोपी डोक्यावर घातली.

२० एप्रिल

आज परत टोपी घालून, हेल्मेट हँडलला लटकवून गेलं. लई भ्याव वाटतंय.

२२ एप्रिल

कचरू गेला.

म्हातारं मयतीला टोपी घालून गेलं. तिथून आलं, आंघोळ केली, कॅन बांधले. मग टोपी काढून माझ्या हातात दिली अन् हनुवटी पुढं केली. पट्टा मी लावला.

आत्ता पाचोडहून थोरल्या दिराचा फोन. माझा धाकटा भाऊ बोडका हिंडतोय म्हणे, कोण गेलं? प्रेरणा त त प प करत बसली. तिला सांगून ठेवलंय — परत वाजला तर तू उचलायचा नाय, आबानं तर नायच. जाब मी देईन.