नारळ फुटायच्या आधी

अण्णा,

ट्रॅक्टरसाठी तुमच्या मेव्हण्यानं आणलेला रोटाव्हेटर लई टिकाऊ, कोरा करकरीत हाय असं तो म्हणतो. मग आज सकाळीच पूजा उरकायची घाई कशाला? एकदा नारळ फुटला की वैनी घरात आलेली लक्ष्मी परत धाडू देणार न्हाईत, हे त्याला चांगलं ठाऊक हाय.

मी एक पातं खोलून बघितलं. रंग नवा, पण बोल्टाखाली जुन्या पूजेचा पिवळा भंडारा निघाला. आपल्यात तर विभूती लावतात, आन् तीबी अजून लावली न्हाय. मंगळवेढ्याच्या बिरप्पा धनगराचा रोटाव्हेटर दगडावर मोडला, तवा तो मेव्हण्यानंच उचलून नेला होता. बिरप्पाला विचारूनच येतो.

तुमच्यानं मेव्हण्याला न्हाय म्हणवणार न्हाय. म्हणून नारळ माझ्याबरोबर नेलाय.

गुरुलिंग