कपाटाची कडी

२ जून
एकदाची नोकरी लागली! पक्षाघातातून सावरणाऱ्यांच्या रुग्णालयात चित्रोपचाराचं काम, म्हणजे पेशंटना चित्रं काढायला बसवायचं. खोली झकास आहे: दोन मोठ्या खिडक्या, रंगांनी माखलेलं लांब टेबल, जॅमच्या बाटल्यांत ब्रश. किल्ली देताना मोठ्या सिस्टरनी बजावलं, पेशंटच्या चित्राला आपला ब्रश लावायचा नाही, ठिपकासुद्धा नाही. मनात म्हटलं, बाई, हे मलाच शिकवताय? माझ्या अभ्यासाचा पहिला धडाच तो!

९ जून
वर्ग छान रुळलाय. थरथरणारे हात ब्रश धरला की शांत होतात. सदा रडणाऱ्या मास्तरीणबाई आज सगळा निळा रंग संपवून चक्क हसल्या. माझे लाडके मात्र कुलूपवाले काका. जन्मभर कुलपं दुरुस्त केली. आता वाचा गेली, उजवा हातही गेला. डाव्या हाताने रोज एकच चित्र काढतात: तपकिरी कपाट, दार बंद. कडी सगळ्यात शेवटी, अगदी जीव खाऊन. ती लागली की हुश्श करतात आणि पोटभर जेवतात. मनातली भीती कागदावर उतरली की माणूस हलका होतो, तो असा.

१८ जून
काकांची मुलगी भेटायला आली. बंद कपाट बघून तिचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत काहीच फरक नाही का, म्हणाली. मला झोंबलं ते. ती डॉक्टरांकडे गेली, काका व्यायामाला. तेवढ्यात मी कडीवर रंग फासला, दार बोटभर उघडलं, फटीत पिवळा उजेड भरला.
परतल्यावर ती बघतच राहिली. बाबांनी दार उघडलं, असं म्हणत माझ्या गळ्यात पडून रडली. मी मान डोलावली. मागून काकांची चाकाची खुर्ची आली. चित्र बघताच ते डावा हात टेबलावर आपटायला लागले, माझ्याकडे बोट दाखवायला लागले. आनंद झालाय त्यांना, असं मीच तिला सांगितलं. चित्र ती घरी घेऊन गेली.

१९ जून
काका गेले. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका. पलंगाशेजारच्या भिंतीवर त्यांनी नखाने काहीतरी कोरलंय. कुणालाच कळेना काय ते. मला कळलं. कडी आहे. अर्धीच. तरी मी गप्प बसले. लाज वाटते माझी मलाच.

२२ जून
मास्तरीणबाईंनी आज कपाट काढलं. दार अर्धं उघडं. मग कोपऱ्यात बसणाऱ्या दुसऱ्या पेशंटने, त्या ड्रायव्हरनेही तेच. ते उघडं दार दोघांनीही पाहिलेलं नाही. कडी कुणी उघडली, असं बाईंनी मला विचारलं. माहीत नाही म्हटलं.

२४ जून
काकांच्या मुलीचा फोन. आजोबांची आठवण म्हणून चित्र लेकीच्या पाळण्यासमोर लावलंय. पिवळा रंग काळा पडत चाललाय, दारही जास्त उघडं वाटतं, बाबांनी कुठला रंग वापरला होता? सांगणारच होते. पण वडिलांची तेवढीच एक चांगली आठवण तिच्याकडे— रंग हलक्या प्रतीचा असेल, म्हटलं.

२५ जून
सकाळी पुन्हा फोन. पोर पाळण्यात उभी राहून चित्राला हात करते. ये ये म्हणते. निघाले. तपकिरी रंग घेतलाय.

दुपार, तिच्या घरी
चित्रातलं दार सताड उघडं. आत काहीच नाही. म्हणजे काका रोज कोंडत होते ते बाहेर—
कडी रंगवली. ती म्हणाली, नका ना, बाबांनीच उघडलंय ना ते? मी हो म्हणाले. तेवढ्यात कडी ओघळून गेली. पुन्हा रंगवली. पुन्हा विचारलं तिने. पुन्हा हो. पुन्हा ओघळली.

उजवा हात उचलला जात नाही. डाव्याने लिहितेय.

खरं सांगायला तोंड उघडलं. शब्दच येईना. ती घाबरलीय, पाणी आणायला गेली. पोर खाली जमिनीवर एकटीच. चित्राकडे रांगत—

ताई, पाणी घेऊन आलीस की हे वाच. आधी पोरीला उचल. बाबांनी नाही. दार मी उघ—