सुयशला अजून पाठवू नका

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

ती. अप्पांना रूपालीचा सप्रेम जयभीम.

मी बरी आहे, मेसचं जेवणही आता अंगवळणी पडलंय. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर बोलताना आई तुमच्या शेजारी असते, म्हणून हे पत्र उद्या पिशोरला येणाऱ्या गीताकाकूंच्या हाती देतेय. एकट्यानंच वाचा.

"तू जगाचं राजकारण शिकतीस, तूच सांग," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा सुयश नोकरीला चाललाय त्या देशात आता शांतता आहे, असं मी सांगितलं. एका वेबसाइटवर वाचलं होतं. तिच्याच भरवशावर प्रबंधाचं एक प्रकरणही लिहिलं. काल माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते वाचून विचारलं, "हे कोणी लिहिलंय? कधीचं आहे?" त्या पानावर ना नाव होतं, ना तारीख.

मग त्यांनी मला संयुक्त राष्ट्रांचे अहवाल आणि आपल्या वकिलातीच्या सूचना शोधायला शिकवलं. सगळं फुकट आणि तारखेसकट मिळतं. इतके दिवस मला ते माहीत नव्हतं, याची लाज वाटते. मागच्याच आठवड्यातल्या सूचनेत सुयशच्या शहराचं नाव आहे. तिथं सध्या जाऊ नका, असं स्पष्ट लिहिलंय.

अप्पा, तुम्ही माझ्या शब्दावर त्याला होकार दिलात. शुक्रवारी निघायचं म्हणून त्यानं बॅगही भरली असेल. तो या बहिणीवर लई चिडेल, चिडू द्या. गुरुवारी सकाळच्या गाडीनं येऊन मी स्वतः त्याला सांगते. तोवर त्याचा पासपोर्ट तुमच्याजवळ ठेवा.

तुमची
रूपाली