टेकू रिकामा परत येत नाही

अक्का, आजाऱ्याच्या पाठीचे टेकू एकशे चौदा, वॉकर एकसष्ट, कमोडच्या खुर्च्या अडतीस, चाकाच्या खुर्च्या नऊ (दुसऱ्यांच्या दुरुस्त केलेल्या धरत नाही), सलाईन लटकवायचे स्टँड बावीस, अभ्यासिकेची बाकं सोळा, आणि बुटक्या पोरांचे पाय लोंबकळू नयेत म्हणून त्या बाकांखाली मारलेल्या फळ्या, त्याही सोळा. एवढं मी माझ्या हातांनी केलं. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. पाईप वाकवायला यशवंतपूरच्या कारखान्यात दुसऱ्यांचं बघून शिकलो, नकाशे वाचायला रद्दीतल्या कॅटलॉगवरून. तुम्ही गेलात तेव्हा टेकू एकोणीस झाले होते. माझी मोजायची सवय तुम्हाला आवडत नसे. "मेस्त्री, वस्तू किती झाल्या ते सांगू नकोस, बाहेर किती आहेत ते सांग," असं म्हणायचात. तर आज बाहेर एकशे सहा आहेत. सात खोलीत आहेत. एक माझ्याकडे आहे, त्याचं पुढे सांगतो.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो लोखंडी खाट पोचवायला. चिकपेटच्या त्या गल्लीत टेम्पो शिरत नव्हता, म्हणून खाट डोक्यावर घेऊन आलो होतो. तुमच्या यजमानांचं साड्यांचं दुकान बंद होऊन वर्ष झालं होतं, आणि ज्या काचेच्या कपाटांत साड्या असायच्या तिथे तुम्ही बेडपॅन, कुबड्या आणि गरम पाण्याच्या पिशव्या मांडल्या होत्या. मला वाटलं, बाईंचं डोकं जाग्यावर नाही. कोपऱ्यात एक वॉकर होता, त्याला हात लावून बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा सहा मिलिमीटर लंगडा आहे." तुम्ही स्वयंपाकघरातून चष्मा कपाळावर ढकलत बाहेर आलात. "वॉकरच लंगडा? मग त्याला बरा केल्याशिवाय जाऊ नकोस. स्वल्प चहा घे." त्या दिवसापासून मी तुमचा मेस्त्री. शाळेत दहावीला गणितात आपटलेला माणूस मी, आणि तुम्ही तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आपलं कसं जमलं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तुमचं काम समजायला मला दीड वर्ष लागलं. मला वाटायचं तीन कामं आहेत. एक ही साहित्याची खोली, दुसरा यशवंतपूरला दर गुरुवारी बसणारा डॉक्टर, आणि तिसरी धान्यबाजाराच्या मागची हमालांच्या मुलांची अभ्यासिका. तुम्ही म्हणायचात एकच आहे. आणि त्या सगळ्याला तुमचा तो एक नियम, की वस्तू न्यायला काही लागत नाही, पण परत करताना ती रिकामी आणायची नाही. शेजारच्या घरातून आलेलं भांडं जसं आपण नुसतं धुऊन पाठवत नाही, तसं. कुणी वॉकरबरोबर पसाभर शेंगदाणे आणायचं, कुणी वह्या. ज्याच्याकडे काही नाही तो रविवारी अभ्यासिकेत येऊन झाडू मारून जायचा किंवा दहा मुलांना कन्नडचा धडा वाचून दाखवायचा. डॉक्टरसुद्धा असाच मिळाला. वडिलांची चाकाची खुर्ची परत करायला आला आणि म्हणाला, "मी काय आणू?" तुम्ही म्हणालात, "गुरुवार आण." पावती नाही, पाटी नाही, आणि कुठल्याही वस्तूवर कुणाचंही नाव नाही. देणाऱ्याचं नाही, करणाऱ्याचं तर नाहीच. "आजारी माणसाने दुसऱ्याचं नाव वाचत का पडून राहायचं?" असं तुमचं म्हणणं.

मग तुम्ही मला त्या हमालाच्या घरी नेलंत. खोली आठ बाय दहा. खाट मावत नाही, माणूस चटईवर. पोतं उतरवताना पाठीवर पडून त्याचे पाय गेलेले. आणि त्याच्या पाठीला पाठ लावून त्याची बारा वर्षांची मुलगी बसलेली, पाय भिंतीला टेकवून, नेट लावून. आई भरवतेय. बापाचं जेवण होईपर्यंत, औषध होईपर्यंत, लघवी होईपर्यंत मुलीने असं बसायचं, दिवसातून पाच वेळा. आई सकाळी बाजारात धान्य निवडायला जाणार, म्हणजे मुलगी घरी. शाळा चार महिने बंद. मी मान खाली घालून चटईची लांबी मोजत होतो. बाहेर आल्यावर तुम्ही रिक्षात एवढंच म्हणालात, "मेस्त्री, त्या मुलीची पाठ मोकळी कर."

टेकू असा झाला. जमिनीवर ठेवायचा, माणूस त्याला पाठ लावून बसतो, खाट लागत नाही. मिटवला की भिंतीआड जातो. मागे पट्टीला पाच दात, पाहिजे त्या दातावर अडकवायचा. पहिल्यांदा दात सरळ कापले तर माणूस रेलला की निसटायचे. तुम्ही शाळेतून आणलेला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक काढलात आणि म्हणालात, "दात मागे झुकव. किती ते मला विचारू नकोस, मोज." मी पाच अंशांपासून सुरू केलं. सातवर बसलं. सात अंशांना माणूस जितका जास्त रेलेल तितका दात खोल रुततो, आणि काढताना आधी वर उचलल्याशिवाय निघत नाही. सहाला निसटतो, आठला अडकून बसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोनमापक तुम्ही दुसऱ्याच दिवशी परत मागितलात. "सरी, बरं, झालं ना तुझं? आण इकडे. माझा जीव आहे तो."

मुलगी पुढच्या सोमवारी शाळेत गेली.

आता ते सांगतो जे तुम्हाला माहीतच आहे, पण मी कधी स्वतःच्या तोंडाने बोललो नाही. सात-आठ महिन्यांनी एका दुपारी तिची आई रिक्षातून उतरली, टेकू मांडीवर धरून. माझा पहिला नग! तो कसा झिजलाय, दात कसे राहिलेत, जोड सुटलाय का, हे बघायची मला इतकी घाई की मी तो तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. उलटा केला. खालच्या चार रबरी बुटांपैकी एक नव्हता. मी म्हणालो, "एक बूट कुठे गेला?" मग मी हसत, अगदी हसत, म्हणालो, "आणि आमच्या अक्कांचा नियम विसरलात वाटतं? रिकामाच आणलात?"

"विसरले, अण्णा," ती म्हणाली, आणि त्याच रिक्षात बसून गेली.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. हातात उलथणं. "तो टेकू कुणासाठी नेला होता?"

"तिच्या नवऱ्यासाठी."

"मग रिक्षातून नवरा उतरला का?"

मग मला आठवलं, तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही चढवला असतात तर मला सोपं गेलं असतं. आत जाऊन तुम्ही तुमच्या जेवणासाठी केलेला बिसीबेळे भात डब्यात भरलात, सगळा, पातेलं खरवडून. "जा. तिचा रिकामा आला तर आपला भरून जायला पाहिजे. नियम काय त्यांच्यासाठीच आहे होय रे?" मी म्हणालो, "मी काय तोंड घेऊन जाऊ?" तर म्हणालात, "हेच ने. दुसरं कुठलं आहे तुझ्याकडे?"

मी गेलो. तिने डबा घेतला. मुलगी भिंतीला टेकून भूमितीचं पुस्तक वाचत होती. मी बसलो, आणि मुलीला म्हणालो की काटकोन कसा काढतात ते मला दाखव. तिने दाखवला. चुकीचा होता. मी तो दुरुस्त केला नाही, अक्का. माझ्या आयुष्यात मी सोडून दिलेला तो एकच कोन.

ती आई आता आपली खोली सांभाळते, हे तुम्ही बघूनच गेलात. विजापूरकडची बाई, आवाज बाजारातला. किल्ली तिच्या कमरेला. रबरी बुटांचा एक मोठा डबा तिने भरून ठेवलाय, आणि परत आलेल्या वस्तूला बूट नसेल तर न विचारता नवा बसवते. मी बघत असलो तर मुद्दाम मोठ्याने म्हणते, "अण्णा, बूट गेलाय, पोलिसात द्यायचं का?" आता लोकही बदललेत. पुण्या-नागपूरची पोरं सर्जापूर रोडवर राहतात, मोबाइलवर लिहितात, "काका, वॉकर अव्हेलेबल आहे का? अर्जंट आहे, आई पडलीय." परत करताना परदेशी चॉकलेटचे डबे आणतात. ती त्यांना सांगते, "चॉकलेट राहू दे, रविवार आण." येतात बिचारी. एकाने अभ्यासिकेत कॉम्प्युटरची वायरिंग केली. बरी केली. दोन ठिकाणी मी पुन्हा केली.

तुमच्या शेवटच्या तीन महिन्यांत तुम्ही टेकू मागितलात तो पहिलाच. मी नवा देत होतो, चकचकीत. "नको, तो निसटेल. हा अनुभवी आहे," म्हणालात. तिसऱ्या दातावर बसायचात, साधारण पंचेचाळीस अंश, आणि तिथून अभ्यासिकेच्या मुलांच्या वह्या तपासायचात. मी रोज संध्याकाळी कारखान्यातून यायचो आणि जोड तपासल्यासारखं करायचो. तुम्ही गेल्यावर तेराव्याला तुमच्या भाचीने टेकू माझ्या हातात दिला. मागच्या बाजूला सुतळीने तो कोनमापक बांधलेला होता. तुम्हीच बांधायला सांगितलं होतं म्हणे. मला तिथे उभं राहवेना. मी म्हणालो, गाठ चुकीची मारलीय, आणि बाहेर गेलो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मी तुमचा एक नियम मोडलाय, आणि तो पकडला गेला. प्रत्येक टेकूच्या मागच्या डाव्या नळीच्या तोंडाशी, आतल्या अंगाला, रबरी बुटाच्या आड, मी माझं नाव आणि यशवंतपूरची गल्ली कोरलेली आहे. एकशे चौदाही. तुमच्या पाठीमागे होता त्यावरसुद्धा. बाहेरून कुणाला दिसायचं नाही, म्हणून चालेल असं मी मनाशी ठरवलं होतं. तर गेल्या महिन्यात सर्जापूर रोडच्या एका घरात आपला टेकू गेला, आणि शेजारी राहणारा एक इंजिनिअर तो बघायला आला. दवाखान्याचं साहित्य भाड्याने देणाऱ्या कंपनीतला. पाईपची जाडी बघायला त्याने बूट काढला आणि आत मी सापडलो.

मला बोलावलं. काचेचं ऑफिस, गार. मुलगी हुशार होती, साहेबीण, माझ्या मुलीच्या वयाची. "अंकल, हे तुम्ही कुठे शिकलात?" कुठेच नाही म्हटल्यावर इंजिनिअरने दात मोजले आणि म्हणाला, "सातच का?" अक्का, वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला अर्धा तास सांगितलं. त्याला कळलं. खोटं बोलत नाही, त्या अर्ध्या तासात मी त्यांना सगळं देऊन टाकलं असतं. मग त्यांनी अटी सांगितल्या. डिझाइन त्यांचं, मी सल्लागार, प्रत्येक नगावर माझं नाव, बाहेरून, उठावाच्या अक्षरांत. मी स्वतः एकही करायचा नाही, आणि खोलीतले आहेत ते जमा करायचे. मी विचारलं, ज्याच्याकडे आगाऊ भरायला नाही त्याचं काय? साहेबीण म्हणाली, "अंकल, ॲपवर कार्ड लागेल." तिने वाईट मनाने सांगितलं नाही. तिला ती पाठीला पाठ लावून बसलेली मुलगी माहीत नाही, एवढंच.

मी आकडा कागदावर लिहून मागितला आणि दोन दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. माझे गुडघे गेलेत, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. वेल्डिंगनंतर डाव्या डोळ्याला धार लागते. मी तुमच्या किल्लीवालीला विचारलं. ती डाळ निवडत होती. "घ्या की अण्णा. तुमच्या हाडांची काय गत झालीय बघा. फक्त मग खोलीत कुणी टेकू मागायला आलं तर मी काय सांगू तेवढं शिकवून जा." मग वर न बघताच, "बूट आणा येताना. डबा संपलाय."

बूट आणले, चार डझन. आणि दुसऱ्या दिवशी सर्जापूर रोडला जाऊन नाही म्हणून आलो.

हे पत्र कुठे जाणार नाही. घडी करून पहिल्या टेकूच्या डाव्या नळीत घालतो आणि वरून बूट बसवतो. तो टेकू मी कुणाला दिलेला नाही. कोनमापकाशेजारी भिंतीला आहे. उद्यापासून बाकीच्यांच्या नळ्यांतलं नाव कानशीने घासायला घेणार आहे, जसे परत येतील तसे. तुम्ही म्हणाल, एवढं केलंस तर गप्प बस. बसलोच आहे. मी नाही म्हटलं हे खोलीवर सगळ्यांना माहीत आहे. कितीला नाही म्हटलं, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून तुम्हाला. टेकूचं डिझाइन कायमचं, वर नोकरी, वर नाव. नुसत्या डिझाइनचे अठ्ठावीस लाख.