सातवा थांबा, गुलाबी बंगला

४ मार्च
पोचले एकदाची! खोली टीचभर आहे, पण खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो आणि कोपऱ्यावर खजुराचा मिल्कशेक मिळतो. उद्यापासून नटनट्यांचे बंगले दाखवणाऱ्या उघड्या बसवर मी गाइड. मालकीण डार्लाने मजकूर पाठ करायला दिलाय. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. शेल्फवर आजीचा फोटो ठेवला. याच गावातल्या तिच्या घराच्या दारात ती उभी आहे, हातात इस्त्रीचे कपडे. ते घर नेमकं कुठे होतं हे मला शोधायचंय. आजीचं नाव —— आणि पत्ता ——.

७ मार्च
सातवा थांबा म्हणजे रेक्स हॅलव्हर्सनचा गुलाबी बंगला. तिथे ड्रायव्हर एस्किव्हेल भोंगा वाजवतो, मी म्हणते, “याआधी इथं नुसती वाळू होती!” आणि टाळ्या पडतात. आज त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला आजीचा फोटो दाखवला. त्याचे डोळे भरले. म्हणाला, पोरी, हे तर आमच्या शेजारचं घर. तुझी आजी याच रेक्सच्या जुन्या घरी इस्त्रीला गेली होती, तेवढ्यात नगरपालिकेने बुलडोझर आणला, मग आग लावली. तो पोहायचा तलाव आहे ना, तिथंच.

डार्लाला जाब विचारला. ती गोड हसली. म्हणाली, अगं राणी, लोक सुट्टीवर येतात, सुतकाला नाही. अंगाचा तिळपापड झाला. तरी दुपारच्या फेरीला मी ते वाक्य म्हटलंच. नोकरी नवी आहे ना!

घरी आले तर फोटोत आजीमागे दार नाही. वाळू आहे.

१० मार्च
ते वाक्य पुन्हा म्हटलं. फोटोत आजी गुडघ्यापर्यंतच उरलीय, खाली काही नाही.

एस्किव्हेलला दाखवायला धावले. तो म्हणाला, कसली घरं? ऊन लागलंय तुला. त्याची कॉलर धरली मी. तो घाबरला, मला पाणी देऊ लागला. त्याचं स्वतःचं घर होतं तिथं!

१३ मार्च
आईला ओकलंडला फोन केला. आजीचं नाव विचारलं. आई म्हणाली, मी अनाथाश्रमात वाढले, माहीत नाही का तुला?
या वहीचं पहिलं पान उघडलं. नाव लिहिलं होतं तिथं कोरं आहे. पत्ताही.
त्यांनी तिचं घर एकदाच जाळलं. मी रोज प्रत्येक फेरीला जाळते. टाळ्यांसाठी!
उद्या तो मजकुराचा कागद फाडणार. सगळं सांगणार माइकवर. डार्ला गेली खड्ड्यात.

१४ मार्च
कागद फाडला. चाळीस माणसं समोर. तोंड उघडलं — “इथं एक बाई राहायची” म्हणायला — आणि माझ्याच आवाजात —
नुसती वाळू होती.
टाळ्या.

१५ मार्च
शेल्फवर वाळूचा फोटो आहे. कुणी ठेवला?
राग तेवढा आहे. पोटात जळतोय. कुणावर — कुणासाठी चिडले होते मी? कुणीतरी होतं — दारात — हातात कपडे — तिचं —