संगणक बंद करू नका

३ मार्च
वक्तृत्वाचे करंडक जिंकूनही ‘नुसती तोंडाची वाफ’ म्हणून घरीदारी हिणवल्या गेलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आज आपलं नाणं वाजलं! तोंडाच्याच जोरावर मला नोकरी लागली. दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ खोली, फिरती खुर्ची, कानाला हेडफोन, टेबलावर ऊन. साहेब पूर्वी शिकवणी घेत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माझी दोन वाक्यं ऐकून म्हणाले, या गळ्याला दगडही भुलेल. आईला कळवलं, संगणक दुरुस्तीचं काम आहे.

५ मार्च
काम असं आहे. कोणी इंटरनेटवर काही बघत असलं की पडदा लाल होतो, भोंगा वाजतो: ‘विषाणू शिरला आहे. संगणक बंद करू नका. या नंबरवर फोन करा.’ विषाणू-बिषाणू काही नसतो. ते एक साधं पान असतं. ब्राउझर बंद केला की गेलं. पण घाबरलेला माणूस फोन करतो, आम्ही सांगू ते बटण दाबतो, आणि त्याचा संगणक आमच्या ताब्यात येतो. कॅमेऱ्यातून तो स्वतःही दिसतो. मग त्याचं खातं धुऊन काढायचं.

मास्तरांचा नियम एकच: आधी गिऱ्हाइकाचे कान बंद करा. मुलगा, शेजारी, बँक, जो कोणी थांबवेल तो चोर, हे त्याच्या मनावर ठसवा. मला लाज वाटायला हवी होती. मला टाळ्या ऐकू आल्या.

९ मार्च
आज एक आजी. एकटीच राहते. तिच्या संगणकात गेलेल्या नवऱ्याची गाणी आहेत, त्याच्या स्वतःच्या आवाजातली. मी सगळी कला पणाला लावली. म्हटलं, खुर्चीवरून उठलात तर आजोबांचा आवाज पुसला जाईल. चोर माझाही आवाज काढतील, ‘उठा’ म्हणतील, ऐकू नका. ती बाळा बाळा म्हणत मान डोलवत राहिली. खातं रिकामं होताच मास्तरांनी मला खांद्यावर घेतलं. सगळ्यांना चहा. ‘झालं, उठा’ हे सांगायचं राहूनच गेलं.

१० मार्च
आजी अजून तिथेच. तीच खुर्ची, तीच शाल. ओठ सुकलेत. मी माइक सुरू करून सांगितलं, काम झालं, उठा, पाणी प्या. ती हसली.

“चोरा, अगदी माझ्या बाळासारखा बोलतोस रे. पण मी नाही फसायची.”

११ मार्च
रडलो. खरं सांगितलं: मीच चोर, सगळं खोटं होतं. चोर असंच काहीबाही बोलेल हे बाळाने आधीच सांगितलंय, म्हणाली. पत्ता विचारला. चोराला कोण पत्ता देईल? तिचा संगणक इथून बंद करायला गेलो, तर किंचाळली, छातीवर हात दाबला. मी हात काढून घेतला.

इथले सगळे तिला ‘पुतळा’ म्हणतात. मास्तर खूश — याला म्हणतात वक्तृत्व; नव्या पोरांना दाखवायला पडद्यावरची ही खिडकी उघडीच ठेवू.

१२ मार्च
तिच्या दारावर थापा. शेजारीण हाका मारतेय. आजीने ओठांवर बोट ठेवलं — कॅमेऱ्याकडे बघत — मला गप्प राहायला सांगत होती. शेजारणीला ऐकू जावं म्हणून मी ओरडलो, तिने संगणकाचा आवाज बारीक केला —
शेजारीण गेली.

१३ मार्च
मान खाली. डोळे उघडे. शाल हलत नाही —
मास्तर म्हणतात, तिच्याकडचा माइक बंद आहे, आवाज येणारच नाही. मग कानात हे कोण — ‘बाळा, आता उठू का?’ — हेडफोन काढून ठेवला. तरी —
उठा म्हणतो. ऐकत नाही. पुन्हा विचारते —
बंधुभगिनींनो, तुमचं कोणी एकटं राहत असेल, दार उघडत नसेल, तर आत्ता जा. थापा मारून परत फिरू नका. आतून ‘चोर, चोर’ ओरडलं तरी दार फो—