कोर्टात तोंडी न आलेलं नाव

कोल्हापूर, श्रावण वद्य पंचमी, दिवेलागण

आज चंद्राच्या पोटगीसाठी कोर्टात उभी राहिले. शिरस्तेदारांनी विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव?" आणि माझी जीभच उचलेना. ज्या माणसानं दुसरा संसार थाटून पोटची पोर वाऱ्यावर सोडली, त्याचं नाव घ्यायला मला कसली लाज? पण सवय मेली... शेवटी चंद्रानंच खणखणीत सांगितलं. ते समोरच उभे होते. पोरीकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

पोटगी मंजूर झाली. घरी आल्यावर चंद्रा म्हणाली, "आई, आता घे की नाव. हितं कोण ऐकतंय?"

ती शेजारी खेळायला गेली. मी दार लावलं, नाव घेतलं. चांगलं मोठ्यानं.

मग वेडीसारखी ओ यायची वाट बघत राहिले.